‘इनकॉम्पिटंट’ हा शब्द कुठे, कसा आणि कोणासाठी वापरावा

मे महिन्याच्या अखेरीस, बागायती कापसाची लागवड नुकतीच आटोपली असताना, पारोळा तालुक्यातील एक शेतकरी इंग्रजीत टाइप केलेले तक्रारीचे पत्र घेऊन अमळनेरला माझ्याकडे आले. त्यांच्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार एकाच सेवा केंद्रात तीन वेळा रिवायंडिंगला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्यायला, गेली होती आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत जळाली होती. ठिबक बंद पडल्यामुळे लावलेले बियाणे वाळू लागले होते. पत्र कंपनीच्या परराज्यातील कार्यालयाला पाठवायचे असल्यामुळे इंग्रजीत लिहिणे भाग होते, आणि बारावीत शिकणाऱ्या त्यांच्या पुतण्याने पहिल्याच ओळीत ‘यू आर इनकॉम्पिटंट अँड चीटर’ असे ठोकून दिले होते. मी त्या शब्दावर बोट ठेवले, तेव्हा शेतकरी म्हणाले, “सर, नालायकले इंग्लिशमा हाऊच शब्द शे ना?”

हा प्रश्न मला वर्गात दर वर्षी वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. शब्दकोशात ‘इनकॉम्पिटंट’समोर अक्षम, असमर्थ, अकार्यक्षम, नालायक असे चार-पाच अर्थ एका ओळीत छापलेले असतात, राग आलेला माणूस त्यातला सर्वांत तिखट अर्थ उचलतो, आणि मग तो इंग्रजी शब्द शिवीच्या जागी बसवतो. वास्तविक हा शब्द शिवी नाही. एखाद्या ठरावीक कामासाठी लागणारे कौशल्य, ज्ञान किंवा अधिकार समोरच्याकडे नाही, एवढेच तो सांगतो. त्या माणसाची नियत, स्वभाव, कष्टाची तयारी यांबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. हे ज्याच्या लक्षात आले त्याचे या शब्दाच्या वापरातले बहुतेक घोळ आपोआप मिटतात.

शब्दाची घडण पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. लॅटिनमधील ‘कॉम’ म्हणजे एकत्र आणि ‘पेतेरे’ म्हणजे एखाद्या गोष्टीचा रोख धरून जाणे. या दोहोंपासून झालेल्या ‘कॉम्पेतेरे’ या क्रियापदाला जुळणे, योग्य असणे असा अर्थ आला, आणि त्यातूनच ‘कॉम्पिटंट’ म्हणजे कामाला जुळणारा, कामापुरता पुरेसा, हा शब्द तयार झाला. आपली मुले ज्या ‘कॉम्पिटिटिव्ह’ परीक्षांसाठी जळगाव आणि धुळ्याच्या अभ्यासिकांत रात्री जागवतात, तो शब्दही याच मुळाचा आहे. तिथे एकाच लक्ष्याकडे अनेकजण मिळून धावतात, ही छटा पुढे आली. ‘कॉम्पिटंट’च्या आधी नकाराचा ‘इन’ लावला की कामाला न जुळणारा असा सरळ अर्थ मिळतो. गंमतीची नव्हे, विचार करण्यासारखी गोष्ट अशी की आपला ‘नालायक’ही मुळात हुबेहूब असाच बनलेला आहे: फारसीतला नकारार्थी ‘ना’ आणि अरबीतून आलेला ‘लायक’. घडण सारखी असली तरी मराठीच्या बोलण्यात ‘नालायक’ने माणसाच्या सबंध लायकीवर हात टाकला, आणि इंग्रजीतला ‘इनकॉम्पिटंट’ मात्र कामाच्या कक्षेतच राहिला. म्हणून एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही.

तेव्हा हा शब्द लिहिण्यापूर्वी स्वतःला पहिला प्रश्न विचारावा: कशात? ज्या वाक्यात या प्रश्नाचे उत्तर नाही ते वाक्य बहुतेक वेळा राग व्यक्त करते, माहिती देत नाही. ‘ही इज इनकॉम्पिटंट’ एवढे लिहिले तर माणूस सगळ्याच बाबतींत कुचकामी आहे असा आरोप होतो. ‘ही इज इनकॉम्पिटंट ॲट रिवाइंडिंग मोटर्स’ असे लिहिले तर आरोप मोटारीच्या वायंडिंगपुरता मर्यादित होतो आणि तो तपासता येतो. दुसरा प्रश्न असा की हे तुम्हाला कशावरून कळले. एकदा चुकले म्हणजे अक्षमता सिद्ध होत नाही, कारण चांगल्या कारागिराच्या हातूनही एखादे काम बिघडते. तेच काम, त्याच पद्धतीने, पुन्हा पुन्हा बिघडत असेल तरच हा शब्द तोलून धरता येतो.

तिसरा प्रश्न मात्र लोक जवळजवळ कधीच विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे: दोष खरोखर त्या माणसाचाच आहे का? वरच्या मोटारीचेच घ्या. थ्री फेज मोटारीचा एक फेज गेला आणि स्टार्टरमध्ये तो ओळखणारी सोय नसली, की उरलेल्या दोन फेजवर जास्त प्रवाह ओढला जाऊन उत्तम वायंडिंगही तापते आणि जळते. व्होल्टेज सतत कमी असले तरी तोच परिणाम होतो. शेतकऱ्यांना मी हे विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की त्याच डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, शेजारच्या दोन मोटारी विनातक्रार चालू आहेत आणि आपल्या स्वतःच्या स्टार्टरलाही सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेल्याचे ओळखून मोटार बंद करणारी सोय, बसवलेली आहे. तेव्हा कुठे कारागिराच्या कौशल्याबद्दल शंका घेण्यास जागा झाली.

याच मोटारीवर या शब्दाच्या भाऊबंदांची ओळख करून घेणे सोपे जाते. कारागिराने प्रामाणिकपणे प्रयत्न केला, परंतु तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या यांचा हिशेब त्याला जमला नाही आणि म्हणून मोटार दर वेळी जळाली, तर तो ‘इनकॉम्पिटंट’. त्याने मोटार बरोबर बांधून दिली, पण दोन दिवसांच्या कामाला दहा दिवस घेतले आणि निम्मी तार वाया घालवली, तर तो ‘इनएफिशियंट’. मराठीत ‘अकार्यक्षम’ हा शब्द खरे म्हणजे इथे शोभतो, कारण ‘एफिशियंट’ला आपण ‘कार्यक्षम’ म्हणतो. त्याला काम उत्तम येत असूनही वायंडिंगवर वार्निश चढवून ते भट्टीत नीट वाळवायचे त्याने आळसाने टाळले, तर तो ‘नेग्लिजंट’, म्हणजे हलगर्जी. तांब्याची तार सांगून पैसे घेतले आणि आत ॲल्युमिनियमची तार घातली, तर तो ‘डिसऑनेस्ट’, म्हणजे अप्रामाणिक; त्याला ‘इनकॉम्पिटंट’ म्हणणे हे उलट त्याच्या फायद्याचे आहे, कारण लबाडीचे रूपांतर आपण आपल्याच हाताने अज्ञानात करून दिले. आणि तो कालच कामाला लागलेला असेल तर ‘इनएक्सपीरियन्स्ड’, म्हणजे नवशिका. पाचही वेळा मोटार बंदच आहे आणि पाचही वेळा शेत कोरडेच आहे, पण पाच शब्दांमागे पाच वेगळी कारणे आहेत, आणि उपाय कारणावर ठरतो: पहिल्याला प्रशिक्षण, दुसऱ्याला देखरेख, तिसऱ्याला समज, चौथ्यावर कारवाई, पाचव्याला वेळ.

पुतण्याच्या वाक्यातला अंतर्विरोध आता दिसेल. ‘इनकॉम्पिटंट’ आणि ‘चीटर’ हे दोन आरोप एकाच माणसावर, एकाच कामाबद्दल, एकदम करता येत नाहीत. ज्याला काम येतच नाही तो फसवतो कसा, आणि जो ठरवून फसवतो त्याला काम येत नाही असे कसे म्हणावे? वाचणारा अधिकारी पहिल्या ओळीतच ओळखतो की लिहिणारा रागात आहे आणि त्याला नेमके काय झाले हे ठाऊक नाही. आम्ही दोघांनी बसून ते पत्र नव्याने लिहिले. त्यात मोटार कोणत्या तीन तारखांना दिली, कोणत्या तीन तारखांना परत आली आणि किती दिवस चालली हे आधी मांडले, पावत्यांचे क्रमांक दिले, वीजपुरवठा तपासल्याचे सांगितले, आणि शेवटी एकच मत नोंदवले: ‘द टेक्निशियन डज नॉट अपिअर टू बी कॉम्पिटंट टू रिवाइंड धिस मॉडेल’, म्हणजे या प्रकारची मोटार बांधण्याइतके कौशल्य त्या तंत्रज्ञाकडे असल्याचे दिसत नाही. ‘इनकॉम्पिटंट’ असे थेट म्हणण्याऐवजी ‘नॉट कॉम्पिटंट टू’ असे म्हटले की धार कमी होते, पण मुद्दा तसूभरही सैल होत नाही. औपचारिक इंग्रजीत मी हीच रचना सुचवतो.

आता व्याकरण, जे थोडक्यात आटोपते. उच्चारात जोर ‘कॉम’वर येतो, पहिल्या ‘इन’वर नाही. स्पेलिंगमध्ये ‘कॉम’नंतर पी-ई-टी-ई-एन-टी अशी अक्षरे येतात, आपण ‘पि’ म्हणतो म्हणून तिथे आय लिहिण्याची आणि शेवटी ‘टंट’ ऐकू येते म्हणून ए लिहिण्याची चूक फार होते. पी आणि त्यापुढचा टी या दोन्हींनंतर ई आहे एवढे ध्यानात ठेवले की पुरे. नामाचे रूप ‘इनकॉम्पिटन्स’; ते साधारणपणे मोजता येत नाही, त्यामुळे त्याच्याआधी ‘ॲन’ लावू नये आणि त्याचे अनेकवचनही करू नये. विशेषण म्हणून वापरताना मात्र ‘ॲन इनकॉम्पिटंट मॅनेजर’ असे ‘ॲन’ लागते. कौशल्य सांगायचे असेल तर पुढे ‘ॲट’ किंवा ‘इन’, किंवा वरच्या पत्रातल्यासारखे ‘टू’ आणि क्रियापद; अधिकार किंवा कायदेशीर पात्रता सांगायची असेल तर ‘टू’ आणि क्रियापदच. नकारासाठी ‘अन’ हा उपसर्ग इथे चालत नाही.

याच्यापेक्षा अधिक काळजी सारख्या दिसणाऱ्या शब्दांची घ्यावी लागते. ‘इनकॉन्टिनंट’ म्हणजे ज्याचे लघवी किंवा शौचावर नियंत्रण राहिलेले नाही असा रुग्ण. ‘इम्पोटंट’ म्हणजे दुर्बल, आणि वैद्यकीय अर्थाने नपुंसक. मोबाइलवर टाइप करताना यंत्राने सुचवलेला पहिला शब्द न वाचता दाबला, तर काही अक्षरांच्या फरकाने वरिष्ठाबद्दलचा अहवाल भलत्याच विषयावर जाऊ शकतो. असे पत्र पाठवण्यापूर्वी हा शब्द अक्षर-अक्षर करून वाचावा, असा माझा आग्रह असतो. दुसरी चूक रजेच्या अर्जात होते. ‘ताप असल्यामुळे मी कामावर येण्यास असमर्थ आहे’ या वाक्याचे भाषांतर करताना मुले ‘आय ॲम इनकॉम्पिटंट टू अटेंड’ लिहितात. तिथे ‘अनेबल’ हवे. ताप आज आहे, उद्या उतरेल. तो कौशल्याचा अभाव नाही. ‘अनेबल’ परिस्थितीबद्दल बोलतो, ‘इनकॉम्पिटंट’ कुवतीबद्दल.

‘इनेप्ट’ या शब्दालाही इथेच जागा द्यावी लागेल, कारण वर्तमानपत्रांत तो याच्या जोडीने येतो. तो लॅटिनमधील ‘आप्टुस’ म्हणजे योग्य, या शब्दाला नकार जोडून झालेला आहे. त्याच्या अर्थात अवघडलेपण, धांदरटपणा, प्रसंग न ओळखता केलेली कृती ही छटा अधिक असते. एखाद्याला हिशेब येत नाही, तो हिशेबाच्या बाबतीत ‘इनकॉम्पिटंट’. एखादा अंत्ययात्रेला आलेल्या लोकांसमोर जमिनीच्या व्यवहाराचा विषय काढतो, तो वागण्यात ‘इनेप्ट’. याचे नाम ‘इनेप्टिट्यूड’ असे होते. ‘इनॅप्ट’ हा आणखी एक शब्द आहे. तो बहुधा माणसाला न लावता उदाहरण, उपमा, शेरा यांना लावतात आणि त्याचा अर्थ अप्रस्तुत असा होतो.

जिथे हा शब्द कौशल्याबद्दल अजिबात बोलत नाही अशी दोन क्षेत्रे मात्र सावकाश समजून घेण्यासारखी आहेत, कारण तिथे गैरसमज झाला तर त्याची किंमत मोजावी लागते. पहिले क्षेत्र कायद्याचे. तहसील कचेरीत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने ‘सक्षम प्राधिकारी’ हे शब्द वाचलेले असतात. ते ‘कॉम्पिटंट अथॉरिटी’चे मराठी रूप आहे. इथे सक्षम याचा अर्थ हुशार नव्हे, तर कायद्याने ज्याला तो अधिकार दिला आहे असा. जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात. तलाठी तो देऊ शकत नाहीत, म्हणजे ते त्या दाखल्यापुरते ‘नॉट कॉम्पिटंट’ आहेत, आणि यात त्यांच्या कामाची निंदा मुळीच नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या अकराव्या कलमात करार करण्यास कोण ‘कॉम्पिटंट’ आहे हे सांगितले आहे: जो कायद्याने सज्ञान आहे, ज्याचे मन स्वस्थ आहे आणि ज्याला कोणत्याही कायद्याने करार करण्यास मनाई केलेली नाही तो. रावेर किंवा यावलमधील सतरा वर्षांचा एखादा मुलगा केळीच्या घडाचे वजन नजरेने अचूक सांगेल, व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस वडिलांपेक्षा चांगली करेल, तरीही बागेच्या विक्रीच्या करारावर सही करण्यास तो ‘इनकॉम्पिटंट’च ठरतो, आणि त्याची सही घेणाऱ्या व्यापाऱ्याने हे ओळखायला हवे. साक्षीदाराबाबतही तसेच. अतिशय लहान वय, अतिवृद्धत्व किंवा आजार यांमुळे ज्याला प्रश्न समजत नाही किंवा सुसंगत उत्तर देता येत नाही असे न्यायालयाला वाटते, तो साक्ष देण्यास सक्षम धरला जात नाही. तो खोटारडा आहे असे मात्र कोणी म्हणत नाही.

दुसरे क्षेत्र वैद्यकीय अहवालांचे. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीची आजी आयुष्यभर उभ्याने काम करत आली. पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या म्हणून तिची डॉपलर तपासणी केली आणि अहवालात ‘एसएफजे इनकॉम्पिटंट’ असे आले. घरातल्यांनी शब्दकोश उघडला आणि आजीचे पाय आता कायमचे निकामी झाले, असा त्याचा अर्थ लावला. आजीने दोन दिवस नीट जेवणही घेतले नाही. प्रत्यक्षात अर्थ असा: जांघेजवळ पायाची वरवरची मोठी शीर आतल्या खोल शिरेला जिथे मिळते, तिथली झडप पूर्ण मिटत नाही, आणि म्हणून हृदयाकडे वर जाणारे रक्त काही प्रमाणात खाली परत येते. झडपेचे काम मिटून राहण्याचे. ते ती करत नाही, म्हणून ती ‘इनकॉम्पिटंट’. हृदयाच्या झडपांबद्दलही हा शब्द याच अर्थाने येतो. मराठीत सांगायचे झाले तर ‘झडप नीट मिटत नाही’ हे चार साधे शब्द ‘झडप अक्षम आहे’ यापेक्षा कितीतरी बरे, कारण ते ऐकून घाबरायचे किती आणि डॉक्टरांना विचारायचे काय, हे दोन्ही कळते.

मराठीत उतरवताना एकच प्रतिशब्द पकडून बसू नये. कायद्यात ‘अक्षम’ किंवा ‘अपात्र’, कारागिराबद्दल ‘त्याला हे काम येत नाही’, व्यवस्थेबद्दल ‘ढिसाळ’ किंवा ‘गलथान’, अवजाराबद्दल ‘कुचकामी’. सत्ताधाऱ्यांबद्दल आपल्याकडे ‘नाकर्तेपणा’ हा फार नेमका शब्द रूढ आहे, मात्र त्यात कुवत नसणे आणि इच्छा नसणे या दोन्ही गोष्टी मिसळलेल्या आहेत; त्याचे इंग्रजी करताना नुसते ‘इनकॉम्पिटन्स’ लिहिले तर अर्धा अर्थ सांडतो, आणि तो अर्धा भाग वेगळ्या शब्दाने भरून काढावा लागतो. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण तर याच विषयाची आहे, पण ती अक्षमतेपेक्षा अक्षमता लपवणाऱ्याला लागू पडते. अंगण खरोखरच वाकडे असेल, डीपीचा फेज खरोखरच गेलेला असेल, तर ती म्हण वापरणाराच चुकतो.

माणसांच्या बाबतीत आणखी दोन पथ्ये सांगितली पाहिजेत. ‘डिसेबल्ड’चे भाषांतर कुठेकुठे ‘अक्षम’ असे केलेले आढळते, आणि तिथून उलट इंग्रजीत येताना दिव्यांग व्यक्तीला ‘इनकॉम्पिटंट’ म्हटले जाते. हे अत्यंत चुकीचे आणि दुखावणारे आहे. पायाने अधू असलेली व्यक्ती संगणकावर लेखापालाचे काम तुमच्या-माझ्यापेक्षा अचूक करत असेल, तर त्या कामात ती पूर्णपणे ‘कॉम्पिटंट’ आहे, आणि शब्दाचा अर्थ कामाशी बांधलेला असल्यामुळे याबद्दल वाद होऊच शकत नाही. दुसरे पथ्य सार्वजनिक लेखनाचे. गावातील डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्याविषयी व्हॉट्सॲपच्या गटात ‘इनकॉम्पिटंट’ असे लिहून मोकळे होण्याआधी हे जाणून घ्यावे की एखाद्याच्या व्यवसायासंबंधी त्याची पत खाली आणणारा आरोप बदनामीच्या व्याख्येत येऊ शकतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेत होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात आहे. सार्वजनिक हितासाठी केलेले खरे विधान आणि सद्भावनेने मांडलेले मत यांना कायद्यात अपवाद आहेत, परंतु ते सिद्ध करण्यासाठी हाताशी तारखा, कागद आणि घटना असाव्या लागतात, आणि त्या असतील तर विशेषणाची गरजच फारशी उरत नाही.

हाताखालच्या कर्मचाऱ्याचा अहवाल लिहिणाऱ्यांना मी एक रचना आवर्जून शिकवतो. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथील व्यवसाय प्रशिक्षणात उमेदवार कमी पडला तर ‘इनकॉम्पिटंट’ असा शेरा मारत नाहीत. ‘नॉट येट कॉम्पिटंट’ असा मारतात, म्हणजे अद्याप सक्षम झालेला नाही. त्या ‘येट’मुळे शेऱ्याला काळाची मर्यादा पडते आणि पुढच्या तपासणीची तारीख आपोआप मागितली जाते. एका जिनिंग कारखान्यातील पर्यवेक्षकाने माझ्याकडे आणलेल्या मसुद्यात ‘ऑपरेटर इज टोटली इनकॉम्पिटंट’ असे होते. विचारपूस केली तेव्हा कळले की ऑपरेटरला यंत्र चालवता उत्तम येते, फक्त सरकीचे प्रमाण नोंदवहीत इंग्रजीत भरता येत नाही. आम्ही लिहिले, ‘नॉट येट कॉम्पिटंट इन मेंटेनिंग द रजिस्टर; फुली कॉम्पिटंट ऑन द मशीन’. पर्यवेक्षकांनी ते दोनदा वाचले, आणि खाली मराठीत स्वतःच्या हाताने भर घातली की नोंदवही मराठीत ठेवण्यास हरकत नसावी.